लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांचे घर

आमच्या परभणी जिल्ह्याची गंगामाई, म्हणजे गोदावरी, उगम पावते ती नाशिकच्या बाजूस, त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात. तेथून निघाल्यावर नाशिकच्या अलीकडे जलालपूर नावाचे एक लहानसे गाव तिच्या काठी लागते. तेच पाणी पुढे मजल दरमजल करीत आमच्या पाथरीच्या शिवारास शिवून गंगाखेडच्या घाटास येऊन मिळते. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव होय. दळिता कांडिता देव आपल्या शेजारी येऊन बसतो, असा अनुभव सांगणारी ही बाई आमच्या जिल्ह्याची आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. जलालपूर हे ज्या बाईंचे जन्मग्राम, त्यांची हकीकत आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांसही देव भेटला तो स्वयंपाकघरातच. मात्र निराळ्या रीतीने आणि फार मोठी किंमत देऊन.

या लेखास निमित्त झाले ते आमच्याच घरी घडलेल्या एका लहानशा गोष्टीचे. एके रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी आमचा धाकटा मुलगा पेंगू लागला. आम्ही त्यास खडसावून उभे केले व शिक्षा म्हणून एक संपूर्ण स्तोत्र पाठ म्हणावयास लाविले. मुलाने ते रडत रडत म्हटले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची वेळ होताच तो शेजारच्या घरी जाऊन बसला. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. देवाचे वचन आम्ही छडीसारखे वापरिले, ही बोचणी मनास लागून राहिली. आणि म्हणून पुष्कळ वर्षांपूर्वी वाचलेले लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' आम्ही पुन्हा हाती घेतले.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली झाला. त्यांचे माहेर गोखल्यांचे व माहेरचे नाव मनकर्णिका. घरी सर्व मनू म्हणत. 1857 च्या धामधुमीनंतर त्यांच्या घराण्यातील एका वडीलधाऱ्या पुरुषास फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाहेरून आलेले धान्य धुतल्यावाचून घरात येत नसे आणि घरातील बायकापोरांचा दिवस धुण्यातच जाई. देवाचे नाव त्या घरात अखंड होते. पण ते भीतीच्या मार्गाने आलेले होते. कोठे विटाळ होईल, कोण रागावेल, या धाकात मुले वाढली. या कथेच्या शेवटापर्यंत वाचकांनी हे माजघर मनात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. कारण पुढे लक्ष्मीबाईंनी जे घर उभारिले, ते याच्या अगदी उलट होते.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म 1861 चा. बुद्धी तीव्र, संस्कृतचा व्यासंग मोठा, कवित्वशक्ती जन्मजात. पण स्वभाव शीघ्रकोपी आणि पाय एका जागी न ठरणारे. आज या गावी शिक्षक तर उद्या त्या गावी कीर्तनकार. हाती आलेला पैसा कोणाच्या तरी गरजेत जाई आणि घरातील डबे रिकामे राहत. पतिपत्नींचे खटके उडत. मात्र याच पतीने आपल्या बायकोस, जिने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, अक्षरओळख करून दिली. त्या ओळखीतून पुढे मराठी भाषेस केवढे धन मिळाले, ते सर्वांस ठाऊक आहे.

नागपुरास असता टिळकांच्या मनात धर्मविषयक खळबळ सुरू झाली होती. जातिभेदाने हा देश पोखरला आहे, याला औषध काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनरी गृहस्थांशी गाठ पडली. त्यांनी टिळकांस पवित्र शास्त्राची एक प्रत दिली. ती वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकिले. पुढे दोन वर्षे मनाची ओढाताण झाली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

येथवर सांगताना पुष्कळ लेखक थांबतात व कवी टिळकांच्या धैर्याची वाखाणणी करितात. ते धैर्य होतेच. परंतु त्याच दिवशी एका तरुण स्त्रीचा संसार मोडला, हेही तितकेच खरे. पती जिवंत असून नाहीसा झाला. पदरी दत्तू हा लहान मुलगा. आता हे पोर आपले राहणार की बापामागे जाणार, ही धास्ती रात्रंदिवस. नातलगांत कुजबूज सुरू झाली. लक्ष्मीबाईंस अन्न गोड लागेना, प्रकृती ढासळली. पंढरपुरास आप्तांकडे त्यांनी काही काळ काढिला. जिच्या नावाने गंगाखेड ओळखले जाते, ती जनाबाई ज्या गावी नामदेवांच्या घरी राबली, त्याच गावी ही दुसरी स्त्री आपले दुःख गिळीत बसली होती. त्या दिवसांत त्यांनी कविता रचिल्या, आणि दुःखास वाट मिळाली.

टिळकांनी या काळात काय केले, हे आमच्या मते त्यांच्या साऱ्या काव्याहून मोठे आहे. त्यांनी वाट पाहिली. पत्नीवर अथवा मुलावर त्यांनी जबरी केली नाही. पत्रे लिहिली, मायेची चौकशी केली. पण माझा देव तो तुझा देव झालाच पाहिजे, असा हट्ट धरिला नाही. एवढ्या तापट मनुष्याने एवढा धीर धरावा, यातच त्यांच्या नव्या श्रद्धेची खरी परीक्षा झाली, असे आम्हांस वाटते. राग आला असता ताट भिरकाविणारे पुष्कळ असतात. पण आपल्याच घरच्या माणसांकरिता वर्षानुवर्षे दार उघडे ठेवून बसणारे थोडे.

सुमारे चार वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास गेल्या. गेल्या त्या ख्रिस्ती होण्याकरिता नव्हे, तर संसार करण्याकरिता. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. एकाच घरात एक ख्रिस्ती गृहस्थ व एक सोवळी ब्राह्मण गृहिणी, आणि या दोहोंच्या मध्ये वाढणारा एक मुलगा. विचार करून पाहा: त्या मुलास कोणत्या बाजूने खेचिले जाणे सोपे नव्हते! परंतु टिळकांनी पत्नीच्या सोवळ्याची थट्टा केली नाही. उलट ते सांभाळिता यावे अशी सोय करून दिली. मुलाने पाहिले ते हे, की बापाचा देव आईस दुखवीत नाही. धर्मशिक्षणाचा याहून चांगला धडा कोणत्या रविवारच्या शाळेत मिळेल?

पुढे टिळक कुटुंब राहुरीस राहावयास गेले. तेथे लक्ष्मीबाईंच्या मनात जे घडले, ते कोणाच्या व्याख्यानाने घडले नाही. जात ही देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपला आपणच सोडविला. देवाने पुरुष व स्त्री असे दोघेच उत्पन्न केले. मग मधल्या या भिंती कोणी घातल्या? माणसांनी घातल्या असतील तर माणसाने त्या पाडाव्यात. असा निश्चय होताच त्यांनी तो पहिल्याने अमलात आणिला तो स्वयंपाकघरात. आजपासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपणांस चालेल, असे त्यांनी ठरविले. ज्या मुलीने बापाच्या घरी धान्यसुद्धा धुताना पाहिले होते, तिच्या हातून हे घडले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आमच्या मते त्यांचा खरा बाप्तिस्मा त्याआधीच, पाण्याच्या घागरीपाशी, झाला होता.

तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. 1899 व 1900 या सालांत दख्खनमध्ये अन्नान्न दशा झाली, गुरे मेली, माणसे देशोधडीस लागली. आमच्या मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांस दुष्काळ म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. टिळकांनी अनाथ मुले घरी आणिली. ती आणणे टिळकांचे काम, आणि त्यांचे पुढे सर्व काही करणे लक्ष्मीबाईंचे. त्यांच्या डोक्यातील उवा काढणे, खरूज धुणे, भाकरी थापणे, रडणाऱ्यास उगी करणे, ही कामे एका गृहिणीच्या वाट्यास आली. यांपैकी कोणते मूल कोणत्या जातीचे, हा प्रश्न आता त्या घरात उरला नव्हता. लक्ष्मीबाई त्या पोरांवर रागावत, त्यांच्या खोड्यांनी जेरीस येत, आणि मग त्यांच्याबरोबर खदखदून हसत.

हे हसणे फार महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती घर म्हणजे गंभीर चेहऱ्यांचे घर, अशी कित्येकांची समजूत असते. लक्ष्मीबाईंचे घर तसे नव्हते. त्या स्वतःच्या फजित्या स्वतः सांगत. पतीचा विसराळूपणा, आपले अज्ञान, घरातील भांडणे, यांपैकी काही त्यांनी झाकिले नाही. आईबापांच्या चुका मुलांपासून लपवून आपण त्यांस देवभीरू करू, असे त्यांस कधी वाटले नाही. टिळक रागावत, पण राग ओसरल्यावर पश्चात्ताप पावत; आणि मुले दोन्ही पाहत. क्षमेविषयी शंभर वेळा ऐकण्यापेक्षा, बाप आईची क्षमा मागतो हे एकदा पाहणे मुलांस अधिक शिकवून जाते.

उपासनेची भाषाही या घरात आपली होती. पाश्चात्य चालींवर बसविलेली गीते मराठी माणसाच्या काळजास भिडत नाहीत, हे टिळकांनी ओळखिले होते. त्यांनी भजने रचिली, अभंग रचिले, ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा वाढविली. आजही मराठी मंडळ्यांतून त्यांची पदे टाळमृदंगावर म्हटली जातात. फुलामुलांचे कवी असे त्यांस महाराष्ट्राने नाव दिले. घरी मुलाने देवाचे नाव घ्यावयाचे ते ज्या भाषेत तो आईजवळ खाऊ मागतो त्याच भाषेत, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती साधी नव्हती.

अहमदनगरास असता या घरी आणखी एक मुलगा आला. खानदेशातील धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच आमचे बालकवी. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्या पोरसवदा कवीकडे सर्वांचे लक्ष वेधले होते. टिळकांनी त्यास आपल्याकडे ठेवून घेतले आणि लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या पोरासारखे वागविले. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत व त्यांनी व्हावे म्हणून त्या घरी कोणी त्यांच्या मागे लागले नाही. 1918 साली आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. मुलगा गेल्याचे दुःख टिळकांच्या घरी झाले.

नगरास प्लेगाची साथ आली, तेव्हा लोक आपल्या माणसांसही टाकून पळत. अशा वेळी लक्ष्मीबाई रोग्यांच्या झोपड्यांत शुश्रूषेस राहिल्या. शिक्षण नाही, पदवी नाही. हाती होते ते घरातच शिकलेले काम. मुलांचे अंग पुसणे, पेज पाजणे, रात्र जागून काढणे. हेच काम त्यांनी परक्यांकरिता केले.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडिली व ख्रिस्ताचे भक्त एकत्र आणणारा 'देवाचा दरबार' सुरू केला. संन्याशाच्या वृत्तीने राहणाऱ्या पतीचा संसार करणे किती अवघड, हे सांगावयास नको. 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. लक्ष्मीबाई पन्नाशीत आल्या होत्या. पुढे सतरा वर्षे त्यांनी वैधव्यात काढिली. काही वर्षे त्या कराचीस मुलाजवळ राहिल्या. पतीने 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले होते व थोडे अध्याय लिहून ते अपुरे टाकिले होते. ते पुरे करण्याचे काम, जिला एके काळी अक्षर ठाऊक नव्हते, त्या बाईने हाती घेतले आणि बहुतेक सर्व अध्याय रचिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेविला. जलालपुराहून वाहत येणारी गोदावरीच शेवटीही जवळ होती.

आता दत्तूविषयी दोन शब्द. ज्या मुलाच्या ओढाताणीच्या भीतीने त्या एके काळी झुरल्या, तोच देवदत्त नारायण टिळक मोठेपणी आईचा सर्वांत मोठा आधार झाला. तुझ्या आठवणी लिही, असा त्याने आईकडे लकडा लाविला, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' जन्मास आली. तिचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला व शेवटचा लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर. त्या ग्रंथाइतके सरळ, निष्कपट व आनंदी आत्मचरित्र मराठीत दुर्मिळ आहे. देवदत्त स्वतः लेखक झाले व ख्रिस्ती श्रद्धेत राहिले. 1960 साली त्यांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. त्यांच्यावर धर्म लादिला असता, तर ते कोठे गेले असते, हे कोण सांगेल? त्यांस दडपिले नाही, एवढे मात्र आपणांस ठाऊक आहे.

हे चरित्र आम्ही आमच्या ख्रिस्ती पालकांपुढे विशेषेकरून ठेवीत आहो. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरी सकाळी उठून शेतावर जावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर पोरांकडे पाहण्यास सवड नसते. कित्येक कुटुंबे ऊसतोडीस परजिल्ह्यांत जातात व मुले आजीआजोबांजवळ राहतात. अशा घरी लांब उपासना होणे कठीण. म्हणून श्रद्धा वाढविण्याचे काम आपण शाळेवर व पाळकांवर सोपवितो. परंतु लक्ष्मीबाईंस आपल्या मुलासाठी निराळा धर्मोपदेशक ठेवावा लागला नाही. त्यांनी एक ताट अधिक वाढिले, भिंत पाडिली, चूक कबूल केली, आजाऱ्याजवळ जागल्या आणि मातृभाषेत देवाचे नाव घेतले. यांपैकी कोणत्या गोष्टीस पैसा अथवा सवड लागते?

आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांसही हे चरित्र परके वाटू नये. जो आपल्या घरी आईबापांस मान देतो, घरी आलेल्याची जात विचारीत नाही व दुसऱ्याच्या श्रद्धेस धक्का लावीत नाही, तो कोणत्याही धर्माचा असो, लक्ष्मीबाईंच्या पंक्तीस बसण्यास योग्य आहे.

आमच्या धाकट्या मुलाचे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही त्याची माफी मागितली. बापाने माफी मागितलेली पाहून तो प्रथम गोंधळला. आता आमची प्रार्थना आटोपशीर असते. आम्ही एक भजन म्हणतो, आणि आज कोणाकरिता प्रार्थना करावी हे मुलाने सांगावयाचे असते. एके दिवशी त्याने शेजारच्या घरच्या आजारी म्हशीचे नाव सांगितले. आम्ही हसू आवरून तिच्याकरिता प्रार्थना केली. म्हैस बरी झाली. मुलाने मात्र ते सारे श्रेय गुरांच्या डॉक्टरांस दिले. त्यासही आमची हरकत नाही.

शेवटी विद्यार्थ्यांस एक काम सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या आईस अथवा आजीस तिच्या लहानपणाविषयी विचारा. तिच्या घरी चूल कशी होती, दुष्काळात काय खाल्ले, देवाचे नाव तिला पहिल्याने कोणी शिकविले. ती जे सांगेल ते वहीत जसेच्या तसे लिहून ठेवा. शुद्ध भाषा करण्याच्या नादी लागू नका. देवदत्ताने आईस विचारिले नसते, तर आज आपल्या हाती काही राहिले नसते. वह्या शाळा उघडल्यावर आमच्याकडे आणाव्यात. आम्ही त्या आनंदाने वाचू.